साक्षींचे खोके, कॅसेट आणि मोबाइलवरचे व्हिडिओ: चौकशीत टिकेल अशी नोंद कशी ठेवायची?

नोंदवही:
बेपत्ता झालेल्या लोकांच्या नातेवाइकांनी दिलेल्या साक्षी, अर्जांच्या प्रती, पोचपावत्या, फोटो, ऑडिओ कॅसेट आणि मोबाइलवरचे व्हिडिओ असं बरंच साहित्य एका संस्थेकडे खोक्यांत पडून आहे. काहींचं म्हणणं, व्यक्तीनिहाय फायली लावाव्यात. काहींचं म्हणणं, आधी सगळं स्कॅन करून मोकळं व्हावं. उद्या चौकशी आयोगापुढे किंवा कोर्टात ठेवायची वेळ आली तर कशाला आक्षेप येणार नाही?

दप्तरी:
व्यक्तीनिहाय फायली नकोतच. कागद कुणाकडून आला, कुठल्या फायलीत होता, त्याच्या मागेपुढे काय होतं, हे एकदा मोडलं की परत जुळत नाही. ग्वातेमालात 2005 साली जुन्या राष्ट्रीय पोलिसांचं दप्तर सापडलं, सुमारे 8 कोटी पानांचं. 1984 मध्ये पकडून नेल्यानंतर कधीच न परतलेल्या एदगार फेर्नांदो गार्सिया या कामगार नेत्याच्या खटल्यात त्यातले कागद पुरावा म्हणून आले. त्यातला एक होता पोलिसांना पदक देण्याची शिफारस! कारवाईची तारीख आणि ठिकाण जुळल्यावरच त्याला अर्थ आला. 2010 मध्ये दोन माजी पोलिसांना 40-40 वर्षांची शिक्षा झाली. विषयवार गठ्ठे करणाऱ्याने तो कागद ‘आस्थापना – किरकोळ’मध्ये टाकून दिला असता.

तेव्हा खोका उघडला की हात लावण्याआधी वरून फोटो घ्या. मग क्रमांक द्या: देणारा/खोका/फाईल/कागद, म्हणजे 03/07/02/014. तो मऊ पेन्सिलने, कागदाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात. शाई, स्टिकर, सेलोटेप, लॅमिनेशन यातलं काहीही नको. रबरबँड आणि गंजक्या पिना काढायच्या, पण एकत्र टोचलेले कागद दुमडलेल्या आम्लरहित कागदात एकत्रच ठेवायचे आणि ‘एकत्र टोचलेले होते’ अशी नोंद करायची. पिन चिकटली असेल तर ओढू नका. दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवून सैल करा. बुरशी आलेला खोका त्याच दिवशी वेगळ्या खोलीत हलवा.

व्यक्तीनिहाय शोध हवा ना? तो तक्त्यात करा. एका साक्षीत पाच नावं असतील तर पाच ओळी, कागद मात्र जागचा हलत नाही.

पिक्सेल:
दप्तरींशी सहमत, म्हणून क्रमांक आधी आणि स्कॅन नंतर. उलटं केलं की ‘स्कॅन0457’ नावाच्या हजारो फायली उरतात आणि कुठली कुठल्या खोक्यातली ते कुणालाच सांगता येत नाही.

टाइप केलेल्या कागदाला 300 डीपीआय, फिक्या कार्बन प्रतीला 400, फोटोला 600. रंगीतच करा, निळा शिक्का आणि काळी सही काळ्या-पांढऱ्यात एकच दिसतात. मूळ प्रत टिफमध्ये (चित्राचा तपशील न गमावणारा फाईल-प्रकार), वापरायची पीडीएफमध्ये. जीर्ण कागद फीडरमधून घालू नका. स्कॅनरमधली ‘कोरी पानं वगळा’ ही सोय बंद करा, कारण पाठीमागे पेन्सिलने लिहिलेला आवक क्रमांक तिला कोरा वाटतो. कडा आपोआप कापण्याची सोयही बंद.

प्रत्येक फायलीचा एसएचए-256 हॅश काढा (संगणकाने काढलेला फायलीचा जणू बोटाचा ठसा, 64 अक्षरांचा येतो; फाईल जराही बदलली की तो बदलतो), यादी छापून तारीख घालून दोघांच्या सह्या घ्या आणि ती फायलींपासून वेगळी ठेवा. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. दर सहा महिन्यांनी हॅश पुन्हा पडताळा. एक लक्षात घ्या, हॅश ‘तो काढल्यापासून बदल नाही’ एवढंच सिद्ध करतो. त्याआधीचं हॅश सांगत नाही. त्यासाठी ताबा-नोंद लागते: कुणी दिलं, कुणी घेतलं, कधी, कशात, पुढे कुणी उघडलं.

कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही खुंट आधी मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डिंग होणार नाही. नुसतं ऐकून बघायला लावू नका. जुनी टेप एकदाच नीट वाजेल असं धरून चाला आणि त्याच वेळी 24 बिट वेव्हमध्ये (आवाज न दाबणारा फाईल-प्रकार) उतरवून घ्या.

नोंदवही:
बरेच व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून आलेत. आणि संमतीपत्रांवर फक्त ‘माहिती वापरण्यास हरकत नाही’ एवढंच आहे.

पिक्सेल:
व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ पाठवला की दाबला जातो आणि कॅमेऱ्याची बरीचशी माहिती उडते. ज्याने चित्रण केलं त्याच्याकडे मूळ फाईल असेल तर केबलने उतरवा. नसेल तर आलेली प्रत तशीच ठेवा, ‘व्हॉट्सॲपवरून मिळाली’ असं नोंदवा. फाईलचं नाव बदलू नका, ‘सुधारून’ तर मुळीच ठेवू नका.

साक्षांकित:
तेवढ्या संमतीवर काहीही प्रसिद्ध करू नका. पाच गोष्टी वेगवेगळ्या विचारा: जपून ठेवणं, अभ्यासकाला दाखवणं, तपास यंत्रणेला देणं, जाहीर करणं, नाव उघड करणं. प्रत्येकीला हो किंवा नाही. नंतर नकार देता येईल हेही लिहा. पण कागद एकदा कोर्टात दाखल झाला की तो परत घेणं आपल्या हातात नसतं, ते आधीच स्पष्ट सांगा.

संमती घ्यायला गेलात म्हणून साक्ष पुन्हा घेऊ नका. दोन साक्षींत तारीख किंवा वेळ इकडेतिकडे झाली की बचाव पक्ष तेवढंच धरून बसतो, आणि सांगणाऱ्याला सगळं पुन्हा भोगावं लागतं ते वेगळंच.

नावं झाकायची ती नेहमी प्रतीवर, मूळ कागदावर कधीच नाही. पीडीएफवर काळा चौकोन टाकला तर खालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. झाकलेलं पान चित्र म्हणून काढा आणि त्याचीच नवी पीडीएफ करा. नाव झाकूनही ‘शाळेतली एकमेव शिक्षिका, तीन मुलं’ असं राहिलं तर ओळख उघडच. नाव आणि सांकेतिक क्रमांक जोडणारी यादी एन्क्रिप्ट करून वेगळ्या जागी, दोघांकडेच.

कुणाचं झाकायचं हेही ठरवावं लागतं. श्टाझीच्या, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या, फायलींसाठी जर्मनीने 1991 साली कायदा केला. आपली फाईल बघणाऱ्याला इतर पीडितांची नावं काळी केलेली मिळतात, पण आपल्यावर पाळत ठेवणाऱ्या खबऱ्याचं खरं नाव मागता येतं. तुमच्या साक्षींमध्ये शेजाऱ्यांची, निरोप देणाऱ्यांची नावं असणारच; त्यांची संमती कुणीच घेतलेली नाही. तक्त्यात त्यांच्यासाठी वेगळा रकाना आजच टाका.