मदत हवी आहे: मशीन पाणी सोडतं, पण कपडे पिळतच नाही

नमस्कार मंडळी. आमचं फ्रंट लोड मशीन, ७ किलोचं, सहा वर्षं जुनं. पाणी बोअरचं, चांगलंच जड. आठवडा झाला, धुणं नीट होतं, पण स्पिनला ड्रम दोन-तीनदा हळू फिरतो, थांबतो आणि काटा १२ मिनिटांवरच अडकतो. कपडे निथळत बाहेर काढावे लागतात. घरात सासूबाई अंथरुणाला आहेत, रोजच्या चादरी हाताने पिळून माझी मनगटं भरून आली आहेत.

खालचा फिल्टर उघडला. एक रुपयाचं नाणं, सेफ्टी पिन आणि लोकरीचा गोळा निघाला. नळाकडच्या जाळीवरचा पांढरा थर जुन्या ब्रशने घासला. मशीन लेव्हलमध्ये आहे. एकटी जड चादर असली की तोल जाऊन स्पिन होत नाही हे माहीत आहे, पण आता चार साड्या टाकल्या तरी तेच.

मेकॅनिकने झाकणही न उघडता सांगितलं, पीसीबी (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेला. मला पटत नाही. रिकामं फिरवलं तर स्पिन पूर्ण होतं, मग ड्रमचे हादरे झेलणारे शॉक अॅब्सॉर्बर थकले असतील का? की पाण्याची पातळी ओळखणाऱ्या प्रेशर स्विचच्या नळीत क्षार साचलाय? घरच्या घरी कसं ओळखायचं, कुणी अनुभवाने सांगाल का?