अनुभव धागा : सगळे एकाच कंपनीच्या खात्यावर सोपवले तेव्हा

ईमेल, फोटो, कागदपत्रे आणि इतर संकेतस्थळांचे लॉगिन हे सारे ज्यांनी एकाच कंपनीच्या खात्याला बांधले आहे, त्या सोलापूरकरांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत. १४ डिसेंबर २०२० रोजी गूगलची ओळख पडताळणारी यंत्रणा सुमारे पाऊण तास कोलमडली आणि जीमेल, ड्राइव्ह, यूट्यूब यांचे दरवाजे एकदमच बंद झाले, हे अनेकांना आठवत असेल.

टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रस्ता
आमची डिझाइने, बिले आणि परदेशी ग्राहकांशी झालेला सर्व पत्रव्यवहार एकाच खात्यात होता. ऐन गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेच्या) दिवसांत ते खाते कोणतेही कारण न देता निलंबित झाले. दाद मागायची तर पर्यायी ईमेलवर येणारा कोड हवा होता, आणि तो पर्यायी ईमेलही मी त्याच कंपनीकडे काढून पहिल्याशी जोडलेला असल्याने दोन्ही एकाच वेळी बंद पडले होते. बँकेचे आणि जीएसटीचे ओटीपीही तिकडेच जात होते. अकराव्या दिवशी खाते परत मिळाले, पण तोवर एका ग्राहकाने उत्तराची वाट पाहून मागणी दुसरीकडे दिली होती. आता आम्ही स्वतःचे डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यात @ नंतर येणारे आमचे स्वतःचे नाव, घेतले आहे. ईमेलची सेवा कोणाचीही असो, ती बदलली तरी पत्ता आमचाच राहतो. (डोमेनच्या नूतनीकरणाची सूचना त्याच डोमेनच्या पत्त्यावर मागवू नये, हे आमच्या हिशेबनिसाने वेळीच सुचवले!)

शिक्षिका, विजापूर रस्ता
जागा भरली म्हणून मी मोबाइलमधले फोटो पुसले, तर ते क्लाउडवरूनही गेले. सिंक (एकीकडचा बदल दुसरीकडेही आपोआप होणे) म्हणजे बॅकअप (वेगळी राखून ठेवलेली प्रत) नव्हे, हे मला फार उशिरा कळले.

संगणक अभियंता, होटगी रस्ता
मी मात्र एकाच कंपनीकडे राहिलो आहे. आधी फाइली स्वतःकडे ठेवण्यासाठी घरी सर्व्हर चालवून पाहिला. सोलापूरचा उन्हाळा आणि जाणारी वीज यांपुढे त्याची डिस्क दुसरे वर्ष पाहू शकली नाही. तरीही मे २०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियन निवृत्तिवेतन निधीचे गूगल क्लाउडवरील खाते चुकीने पुसले गेले आणि सावरताना दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवलेला बॅकअप कामी आला, ही बातमी वाचल्यापासून मी दर महिन्याला टेकआउट या गूगलच्या सोयीने खात्यातला सगळा डेटा उतरवून घेतो. एक डिस्क माझ्या कपाटात असते, दुसरी बाळीवेशीत मोठ्या बहिणीकडे.