मोरांदीची खोली आणि माझं जेवणाचं टेबल

‘स्वतंत्र स्टुडिओ असल्याशिवाय सलग काम होत नाही’ हे चित्रकारांकडून ऐकू येणारं मत मला अर्धंच पटतं. सलगपणा हवाच, पण तो चौरस फुटांतून येत नाही. बाटल्या-बरण्यांची चित्रं काढणारा, इटलीतल्या बोलोन्याचा चित्रकार जोर्जो मोरांदी (१८९०–१९६४) तीन बहिणींसोबत एका साध्या घरात राहायचा. झोपायची खोली हाच त्याचा स्टुडिओ. एक अरुंद खाट, अंगणाकडची खिडकी आणि बाटल्या, बरण्या, डब्यांची दाटी. १९३० ते १९५६ तिथल्या कला अकादमीत एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने चित्र कोरून छापण्याची कला) शिकवण्याची नोकरीही होती. बाटल्या चकाकू नयेत म्हणून तो त्यांना मॅट रंग फासायचा, काहींच्या आतच रंग ओतायचा आणि त्यांच्यावर धूळ साचू द्यायचा. त्याच्या चित्रांतला तो मऊ, दबका उजेड मला त्या धुळीतूनच आलेला वाटतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टेबलावरच्या कागदावर तो प्रत्येक वस्तूच्या बुडाभोवती पेन्सिलीने रेघ मारून ठेवायचा. मांडणी किती विचारपूर्वक चालायची, ते त्या एकमेकींवर चढलेल्या रेघांवरून कळतं. आमच्या दोन खोल्यांच्या घरात जेवणाचं टेबल रोज संध्याकाळी रिकामं करावं लागतं, त्यामुळे माझ्या स्थिरचित्रासाठी (समोर वस्तू मांडून काढायच्या चित्रासाठी) केलेली मांडणी दरवेळी मोडायची. आता खाली खाकी कागद अंथरते, तांब्या-वाटीच्या बुडाभोवती रेघा मारते आणि कागद गुंडाळून कपाटामागे ठेवते. सकाळी सात वाजता, खिडकीतून तोच उजेड येतो तेव्हा, मांडणी पाच मिनिटांत पुन्हा उभी राहते. एकच चित्र सलग अकरा दिवस करता आलं, ते पहिल्यांदाच.