मदत हवी आहे: लॅमिनेटच्या फळ्या लॉक होत नाहीत, सोमवारी सामान येतंय

घाईतला
हॉलमध्ये स्वतःच लॅमिनेट टाकतोय. पहिल्या दोन ओळी झकास बसल्या. तिसरीपासून फळीच्या आखूड बाजूचा सांधा नीट मिटत नाही, नख जाईल एवढी फट राहते. ठोकून मिटवली की शेजारची उघडते. बसवलेल्या भागावरून चाललं की कट् कट् आवाज येतो. व्हिडिओत तो माणूस एका हाताने फळ्या बसवत दुसऱ्या हाताने कॉफी पीत असतो. मला खराब माल मिळालाय का? उरलेली खोकी परत करून दुसरी आणू का? सोमवारी सकाळी सामानाचा ट्रक आहे. प्लीज लवकर सांगा. 'मिस्त्री का नाही बोलावला' हे नंतर विचारा.

सुतारपक्षी
खाली काय आहे? मोझेक, व्हिट्रिफाइड, नुसता कोबा? फळी किती मिमीची? लॉक कोणतं, तिरकी धरून बसवायचं की वरून दाबायचं? फळ्यांखाली अंथरायचा फोम कुठला? भिंतीपाशी जागा किती सोडलीत? खोकी खोलीत किती वेळ पडून होती? फोटो टाका. एवढ्या माहितीवर उत्तर देणं म्हणजे फोनवरून नाडी बघणं.

कोथरूडचे काका
अहो, एवढा त्रास कशाला? सांध्यात फेविकॉल भरा, वर सिमेंटची गोणी ठेवा, सकाळी फट गायब. आणि भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाऊन कोणालाही विचारा, दिवसाच्या बोलीवर माणूस मिळतो. आमच्या बेडरूमचं एका दिवसात झालं होतं.

सुतारपक्षी
काका, फेविकॉल नको हो. ही जमीन तरंगती असते, खालच्या फरशीला चिकटवायची नसते आणि एका जागी घट्टही करायची नसते. शिवाय उद्या एखादी फळी काढायची वेळ आली तर लॉकच तुटून येईल.

कोथरूडचे काका
आमचं आठ वर्षं टिकलंय. बाकी तुमची मर्जी.

घाईतला
काका, मी अ‍ॅमस्टलवीनला आहे. भवानी पेठ जरा लांब पडेल. भाड्याचा फ्लॅट, तिसरा मजला, खाली काँक्रीट. फळी ८ मिमी. लॉक वरून दाबायचं. फोम टाकलाय. भिंतीपाशी जागा सोडलीये. बाकी सगळं खोक्यावर लिहिल्याप्रमाणे केलंय.

नीलाक्षी
नेदरलँड्स हा तपशील चौथ्या प्रतिसादानंतर आला. धागा रंगणार, रुमाल टाकून ठेवते.

निगडीकर
एक बाळबोध शंका. भाड्याच्या घरात जमीन भाडेकरू कशाला घालतोय? घरमालक काय करतो?

कालव्याकाठी
इथे बरीच घरं 'काल' म्हणजे उघडीबोडकी भाड्याने मिळतात. चावी हातात येते तेव्हा खाली नुसतं काँक्रीट असतं. काही घरांत दिवेही नसतात, छतातून वायरी लोंबत असतात. जमीन तुम्ही घालायची आणि जाताना उचलून न्यायची, नाहीतर पुढच्या भाडेकरूला विकायची. त्याला ओव्हरनामे म्हणतात. त्यामुळे इथे आलेला आयटीवाला वर्षभरात फळ्या कापायला शिकतो. मी युट्रेख्तला दोन घरांत टाकलंय.

घाईतला, वर-खाली शेजारी आहेत म्हणजे आवाजाची अट असणार. घरमालकाने किंवा इमारतीच्या व्हीव्हीईने (म्हणजे फ्लॅटमालकांच्या संघाने) १० डेसिबलचं काही, म्हणजे पावलांचा आवाज खाली तेवढा कमी गेला पाहिजे असं, लिहून दिलंय का? असेल तर कुठलाही फोम चालत नाही, प्रमाणपत्र असलेलाच लागतो. खालच्याने तक्रार केली तर ते कागद मागतात.

दगडी फळी
लॅमिनेट घेतलंत तिथेच गाडी चुकली. एसपीसी घ्यायचं. चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी, पाण्याने ढिम्म होत नाही. लॅमिनेट म्हणजे दाबलेला भुसा आणि वर लाकडाचा छापील फोटो. आमच्या बाणेरच्या फ्लॅटमध्ये एसपीसीच आहे, बाल्कनीतून पाऊस आत आला तरी फक्त पुसून घेतो.

सुतारपक्षी
फोटो आहे खरा, पण त्यावर मेलामाइन आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर असतो. खुर्च्या सरकवून तो सहजी जात नाही. पाण्याबाबत तुमचं मान्य. पण एसपीसी ४-५ मिमीची पातळ फळी, खालचा खळगा तिला अजिबात झाकता येत नाही. मऊ फोमवर तर तिचं लॉक लॅमिनेटच्याही आधी तुटतं. आणि या माणसाने माल आणलाय, दोन ओळी बसल्यात, परवा ट्रक आहे. आता एसपीसी सांगून त्याने काय करायचं?

दगडी फळी
पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

सुतारपक्षी
घाईतला, माल खराब आहे का, याचा निकाल लावायला पाच मिनिटं लागतात. दोन कोऱ्या फळ्या घ्या, जेवणाच्या टेबलावर किंवा अगदी सपाट जागेवर ठेवा आणि आखूड बाजू जोडा. तिथे फट न राहता बसल्या तर माल ठीक आहे, गडबड खाली आहे. टेबलावरही उघड्या राहिल्या तर खोकी परत करा. न उघडलेली खोकी बहुतेक दुकानं घेतात, पावती शोधून ठेवा.

आणि फोम किती मिमीचा ते सांगा. 'टाकलाय' हे उत्तर नाही.

स्टुटगार्टहून
उद्या रविवार आहे, ठोकाठोकी अजिबात करू नका! माझ्या ओळखीच्या एकाकडे रविवारी ड्रिल चालवलं म्हणून पोलीस आले होते.

कालव्याकाठी
ते जर्मनीत. इथे रविवारचा तसा कडक नियम नाही, पण इमारतीची स्वतःची नियमावली असते. लिफ्टमध्ये आज रात्रीच चिठ्ठी लावा: नवीन राहायला आलोय, उद्या अमुक ते अमुक वेळ आवाज होईल, क्षमस्व. डच माणूस आधी सांगितलं की फारसं काही बोलत नाही. न सांगता केलंत तर मात्र दारावर येऊन सविस्तर बोलतो.

घाईतला
टेबलावर फळ्या मस्त बसल्या. केससुद्धा जाणार नाही इतक्या.

म्हणजे माल ठीक. मग खाली काय? आधीच्या भाडेकरूने हिरव्या जाड पुठ्ठ्यासारख्या पाट्या सोडून दिल्या होत्या, त्या अख्ख्या हॉलभर आहेत. त्यावर मी दुकानातून आणलेला ३ मिमीचा फोम अंथरला. १० डेसिबलची अट आहे, करारात लिहिलंय. खाली एक आजी राहतात, म्हटलं दोन थर असले तर त्यांना त्रास नको.

सुतारपक्षी
सापडलं. हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर तुमची आख्खी संध्याकाळ वाचली असती.

दोन थर कधीच टाकायचे नाहीत. फळीवर पाय पडला की ती खाली दबते, शेजारची वर राहते, आणि सगळा भार लॉकच्या त्या दोन-तीन मिमीच्या ओठावर येतो. तोच तुमचा कट् कट् आवाज. लांब बाजूला पूर्ण ओळीचा आधार असतो म्हणून ती तग धरते, आखूड बाजू उघडते. पहिल्या दोन ओळी बसल्या कारण त्या भिंतीलगत आहेत, तिथे तुम्ही चाललाच नाहीत. आणि डेसिबलची अशी बेरीज होत नाही. दोन थरांचा मिळून आकडा कोणी तपासलेला नसतो, त्यामुळे कागदोपत्रीही उपयोग शून्य.

कालव्याकाठी
+१. हिरव्या पाट्या म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, साधारण ७ मिमीच्या. इथे घरोघरी असतात, चांगल्या असतात. वरचा फोम काढून टाका, पाट्या राहू द्या, आणि कामाला लागा.

सुतारपक्षी
असहमत. पाट्या जुन्या आहेत. जिथे सोफा आणि कपाटाचे पाय होते तिथे दबलेल्या असणार. शिवाय त्या १० डेसिबलच्या आहेत याचा पुरावा कुठे आहे? सगळं उचलायचं, काँक्रीट झाडायचं, १० डेसिबलचा एकच नवा थर.

कालव्याकाठी
शनिवारी रात्री सांगताय. उद्या दुकानं उघडून तो माल घरी येईपर्यंत दुपार होईल, मग तो झोपणार कधी? दबलेल्या पाट्या तेवढ्या बदलता येतात. प्रमाणपत्राचं म्हणाल तर पाटीच्या मागे नाव छापलेलं असतं, त्यावरून माहितीपत्रक शोधता येतं.

सुतारपक्षी
माहितीपत्रक नव्या पाटीचं असतं. दहा वर्षं तुडवलेल्या पाटीचं नसतं.

नीलाक्षी
तुम्हा दोघांचं भांडण त्याच्या खोलीपेक्षा मोठं होतंय. मापायचं कसं ते तरी सांगा त्याला.

सुतारपक्षी
२ मीटरची सरळ पट्टी, अ‍ॅल्युमिनियमची किंवा लांब लेव्हल, पाटीवर आडवी-उभी-तिरकी ठेवत जायची. पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त उजेड दिसला तर ती जागा दुरुस्त करायची. पट्टी नसेल तर लांब फळी काठावर उभी धरा, अंदाज येतो. काँक्रीटवर थर टाकण्याआधी ओल अडवायला ०.२ मिमीचं प्लॅस्टिक हवं, जोडाला २० सेंमी एकावर एक, वर टेप. तिसरा मजला असला तरी टाका. काही फोमला ते खालून चिकटवलेलंच येतं, तेव्हा वेगळं नको.

उघडताना फळ्या ओढू नका. अख्खी ओळ उचलून लांब बाजू सोडवा, मग आखूड बाजू सांध्याच्या रेषेत सरकवत वेगळ्या करा. वरून दाबायच्या लॉकमध्ये आखूड कडेला प्लॅस्टिकची बारीक जीभ असते. तुम्ही ठोकलंत तिथल्या काहींची तुटली असेल. त्या फळ्या बाजूला ठेवा, ओळीच्या शेवटी कापायच्या तुकड्यांना वापरा.

मावशी_बोरिवली
लॅमिनेटवर तेल सांडलं तर लगेच बेसन टाकावं आणि कोमट पाण्यात दोन थेंब भांड्याचा साबण घालून पुसावं. हळदीचा डाग उन्हाने जातो.

निगडीकर
मावशी, अजून जमीन झाली नाहीये त्याची.

नीलाक्षी
पण पुसण्याचा विषय निघालाच आहे तर: सासूबाई आल्या की बादलीभर पाणी ओतून लादी पुसतात, त्याशिवाय घर स्वच्छ झाल्यासारखं त्यांना वाटत नाही. आमच्या लॅमिनेटच्या कडा फुगून वर आल्या. आता घट्ट पिळलेलं मायक्रोफायबरचं फडकं दाराशीच ठेवते आणि बादली माळ्यावर. घाईतला, आईबाबा भेटीला येणार असतील तर ही सोय आधी करा.

दगडी फळी
एसपीसी असतं तर बादली चालली असती.

घाईतला
फोम गुंडाळला. दोन पाट्या खिडकीपाशी दबलेल्या होत्या, त्या जागी कपाटाखाली येणार होत्या त्या चांगल्या पाट्या घातल्या, दबलेल्या त्या कोपऱ्यात गेल्या. पाट्यांमागे नाव आहे, माहितीपत्रकात १० डेसिबल लिहिलंय, घरमालकाला मेल केला. आता फळ्या टक् करून बसतात, आवाज नाही. अर्धा हॉल झाला.

पुढचा प्रश्न. रेडिएटरचे दोन पाइप जमिनीतून वर आलेत, बरोबर फळीच्या मध्ये. आणि दाराची चौकट लोखंडी आहे. व्हिडिओत सगळे चौकट खालून करवतीने कापून फळी आत सरकवतात. लोखंड कापू का?

कालव्याकाठी
लोखंडी चौकट कापू नका, भाड्याचं घर आहे! जुन्या डच फ्लॅटमध्ये ती असतेच. फळी चौकटीच्या आकाराची कापा, ८-१० मिमी जागा सोडा, आणि त्या फटीत फळीच्या रंगाचं लवचीक सीलंट भरा. आकार पुठ्ठ्यावर आधी कापून बघा.

पाइपसाठी: फळीवर मध्यबिंदू आखा, पाइपच्या व्यासापेक्षा साधारण १६-२० मिमी मोठं भोक पाडा. भोकापासून भिंतीकडच्या कडेपर्यंत दोन तिरके काप द्या, तुकडा निघेल. फळी बसवून तो तुकडा पाइपच्या मागे परत बसवायचा. त्याला गोंद लावलात तर चालतो. वर प्लॅस्टिकची चकती टाका, भोक दिसत नाही.

कोथरूडचे काका
म्हणजे गोंद चालतो.

सुतारपक्षी
त्या एका तुकड्याला, काका. :)

घाईतला, दारात टी-पट्टी (दोन जमिनींमधली फट झाकणारी पट्टी) टाकायला जागा ठेवा, हॉल आणि पॅसेज एकसंध करू नका. शेवटची ओळ किती रुंदीची येतेय ते आत्ताच मोजा. ५ सेंमीपेक्षा कमी येत असेल तर ती ओळ धड बसत नाही. स्कर्टिंग भिंतीला ठोका, फळीला नको. आणि भिंतीपाशी 'जागा सोडलीये' म्हणजे किती, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

घाईतला
१० मिमी, पाचरी लावल्यात. शेवटची ओळ ११ सेंमी येतेय. उद्या सकाळी पाइपवाली फळी, मग टी-पट्टी. स्कर्टिंग सामान आल्यावर करेन. लिफ्टमध्ये चिठ्ठी लावली. खालच्या आजी वर आल्या होत्या, आवाजाचं काही बोलल्या नाहीत, ट्रक किती वाजता येणार आणि लिफ्ट किती वेळ अडणार एवढंच विचारलं.

नवखा_आयंडहोवन
याच धाग्यात विचारतो. मला फ्लॅट मिळालाय. आधीचा भाडेकरू जुन्या लॅमिनेटचे ६०० युरो ओव्हरनामे मागतोय, नाहीतर उचलून नेतो म्हणतो. घ्यावं का?

कालव्याकाठी
ओव्हरनामे सक्तीचं नसतं, नाही म्हणता येतं. जाऊन त्यावर चालून बघा, सांधे आणि खिडकीखालच्या कडा बघा. खाली किती थर आहेत तेही विचारा. बाकी नवीन धागा काढा आणि त्यात देश, मजला, चौरस मीटर, सगळं आधीच लिहा.