हीटिंग बदलतोय, जुने प्लास्टिकचे पाईप ठेवू की उखडू? (मदत हवी आहे)

मंडळी, डोकं पार भंजाळलंय म्हणून विचारतोय. जुना गॅस बॉयलर काढून हीट पंप (बाहेरची उष्णता ओढून रेडिएटरचं पाणी तापवणारं विजेचं यंत्र) बसवायचं ठरलंय, ८ किलोवॅटचा, बाकी सगळं जमलं आणि गाडी येऊन अडलीय ती फरशीखालच्या पाईपांवर. सगळे राखाडी प्लास्टिकचे आहेत, आधीच्या मालकाच्या सांगण्यावरून पंचवीसेक वर्षं जुने. मेन लाईन २२ मिमी, तिथून प्रत्येक रेडिएटरला १५ ची फांदी, आणि वरच्या दोन खोल्यांना कुणा महाभागाने १० मिमीचे नेलेत. आजवर पाईपातून एक थेंब गळलेला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

दोन जण बघून गेले. पहिला म्हणाला सगळं उपटा आणि तांबं टाका, प्लास्टिकवर मी वॉरंटी देणार नाही. दुसरा म्हणाला कशाला हात लावताय, फ्लश करतो, म्हणजे पाईप आतून धुऊन काढतो, आणि जोडून देतो, एका दिवसाचं काम. पाईपवर काय छापलंय ते मात्र दोघांपैकी एकानेही वाकून वाचलं नाही, त्यामुळे दोघांवरही विश्वास बसेना. उखडायचं म्हणजे अर्ध्या घराची जमीन उचलायची, आणि नाही उखडलं आणि उद्या नव्या मशीनमध्ये गाळ जाऊन बसला तर मग बोंबला.

प्लास्टिकमधून ऑक्सिजन आत शिरतो म्हणतात ते खरंय का? ज्यातून पाणी बाहेर येत नाही त्यातून हवा आत कशी जाईल हे मला काही केल्या पटत नाहीये. रेडिएटर ब्लीड करताना, म्हणजे त्यात अडकलेली हवा सोडताना, अधूनमधून गॅस निघतो आणि पाणी शाईसारखं काळं येतं, त्याचा याच्याशी संबंध आहे का? आणि १० मिमीवर हीट पंप चालेल का?

कोमट_पाणी:
ऑक्सिजनचं खरंय. सिस्टिममधल्या पाण्यातला ऑक्सिजन रेडिएटरचं लोखंड गंजून गंजून संपवतं, म्हणजे आत जवळपास शून्य आणि बाहेर हवेत २१ टक्के, मग तो प्लास्टिकच्या रेणूंमधून आत झिरपत राहतो, आत पाण्याचा दाब कितीही असला तरी त्याला फरक पडत नाही. पाणी न गळणं वेगळं आणि वायू न झिरपणं वेगळं. म्हणूनच पाईपला ईव्हीओएच नावाचा पातळ थर देतात, किंवा मल्टिलेअर पाईपात मधे ॲल्युमिनियम असतं. डिन ४७२६ या जर्मन मानकात झिरपण्याची मर्यादा दिलीय, ४० अंशाला दर चौरस मीटर पाईपमागे दिवसाला ०.३२ मिलिग्रॅम आणि ८० अंशाला ३.६. यातच तुमच्या फायद्याची गोष्ट आहे, पाणी जितकं गार तितकं झिरपणं कमी, त्यामुळे ७० वर चालणाऱ्या बॉयलरपेक्षा ३५-४० वर चालणारा हीट पंप जुन्या प्लास्टिकला उलट कमीच छळतो.

पण आधी टॉर्च घेऊन छपाई वाचा हो! पीबी म्हणजे पॉलिब्युटिलीन की पेक्स (दुसऱ्या जातीचं प्लास्टिक), आणि मुख्य म्हणजे 'बॅरिअर' शब्द, म्हणजे ऑक्सिजन अडवणारा तो थर, आहे का. पुसलं असेल तर एखादा तुकडा कापून कड बघा, थर कधी बाहेरून चकचकीत असतो तर कधी भिंतीच्या मधोमध बारीक रेघेसारखा दिसतो.

झडप_उघडा:
काळं पाणी आलं की लगेच पाईपांना फासावर चढवू नका. बरणीत थोडं पाणी काढा, बाहेरून लोहचुंबक लावा, गाळ ओढला गेला तर मॅग्नेटाइट (काळा गंज), म्हणजे लोखंड गंजतंय एवढंच सिद्ध होतं, ऑक्सिजन कुठून आला ते नाही. तो ताज्या पाण्यातूनही येतो. प्रेशर किती दिवसांनी भरता ते सांगा आधी. दर पंधरा दिवसांनी नळ उघडून १.५ बारवर आणत असाल तर दर वेळी तुम्ही स्वतःच्या हाताने ऑक्सिजन ओतताय. एक्स्पान्शन व्हेसल (पाणी तापून फुगलं की ते सामावून घेणारी हवेची टाकी) मधली हवा गेली असेल, नाहीतर कुठल्या ऑटोमॅटिक एअर व्हेंटमधून सिस्टिम गार झाल्यावर हवा आत ओढली जात असेल, हेही बघा. ब्लीड करताना येणारा गॅस बहुतेकदा हायड्रोजन असतो, गंजताना तयार होतो, तेव्हा काडी ओढून बघायचा शहाणपणा करू नका.

धागाकर्ता:
अरे बापरे, महिन्यातून दोनदा भरतोच की, मला वाटलं सगळेच भरतात.

हेड_लॉस:
सगळे ऑक्सिजनच्या मागे लागलेत पण तुमचा खरा घोळ आतल्या व्यासाचा आहे. बॉयलर जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्यात २० अंशांचा फरक ठेवून चालवता येतो, हीट पंपला साधारण ५ च ठेवतात, म्हणजे तेवढ्याच उष्णतेला चौपट पाणी फिरवायला लागतं. ८ किलोवॅटला २० अंश फरकावर मिनिटाला पावणेसहा लिटर पुरतं, ५ वर जवळजवळ २३ लिटर. आणि प्लास्टिकची भिंत जाड असते हे लोक विसरतात. बाहेरून १५ दिसणारं तांबं आतून १३.६ असतं, प्लास्टिक ११.७ च्या आसपास, ऐकायला दोनच मिमी पण तेवढ्याच पाण्याला घर्षण जवळपास दुप्पट, वर जोडात पाईपच्या आत इन्सर्ट (आधाराची नळी) असतो तो आणखी गळा आवळतो. २२ चं प्लास्टिक आतून १७-१८, त्यातून २३ लिटर ढकलले तर वेग सेकंदाला दीड मीटर, आवाज येणार आणि पंप नुसता कण्हणार. तेच २८ च्या तांब्यातून ०.७. तेव्हा मेन लाईन बदलायचीच, ती काळी असो की गोरी. १५ च्या फांद्या मात्र किलोवॅटभराच्या रेडिएटरला आरामात चालतात, वेग अर्ध्या मीटरच्याही आत.

१० मिमी प्लास्टिक आतून जेमतेम ७. वरच्या खोल्यांना ६०० वॅट लागतात असं धरलं आणि पाईप १० मीटर जाऊन १० मीटर परत येतोय म्हटलं तर एकट्या त्या फांदीतच अडीच मीटरच्या वर हेड, म्हणजे पंपाचा दाब, खर्ची जाईल. काढा ते.

वाचक_ताई:
पण पॉलिब्युटिलीन मुळातच खराब ना? अमेरिकेत त्यावरून केवढा मोठा खटला झाला होता, १९९५ ला तडजोड झाली, तेव्हापासून तिथे घरात घालायचंच बंद झालं.

कोमट_पाणी:
ताई, तो प्रकार प्रामुख्याने पिण्याच्या पाण्याच्या लाईनचा. पाण्यातल्या क्लोरीनने पाईप आणि त्यावरच्या ॲसिटल प्लास्टिकच्या फिटिंगा आतून ठिसूळ झाल्या. हीटिंगमधे तेच तेच पाणी गोल फिरतं, रोज नवं क्लोरीन येत नाही. नाव एक म्हणून दुखणं एक असं नाही. पाईपापेक्षा जोडांची काळजी करा, रबरी ओ-रिंगही तेवढीच म्हातारी झालेली असते.

धागाकर्ता:
शनिवारचा अख्खा दिवस जमिनीवर पालथा पडून घालवला, आता अहवाल. २२ आणि १५ वर 'पीबी' आणि 'बॅरिअर' दोन्ही स्पष्ट छापलंय. १० मिमीवर बॅरिअर नाही, तुकडा कापला तरी थर दिसला नाही, म्हणजे कुणीतरी नंतर उरलासुरला पाईप ओढलाय. चुंबकाने गाळ मस्त ओढला. आणि प्रेशरचा चोर बाहेरच्या भिंतीवर सापडला, सेफ्टी व्हॉल्व्हचा पाईप थेंब थेंब टपकत होता, जमीन कायम ओली असायची आणि मी समजत होतो पावसाचं. व्हेसलची पिन दाबली तर हवेऐवजी पाणी आलं. म्हणजे आतला डायाफ्राम (हवा आणि पाणी वेगळं ठेवणारा रबरी पडदा) फाटलेला, गरम झालं की प्रेशर ३ बारवर जाणार, पाणी बाहेर, गार झालं की मी परत भरणार.

तर मेन लाईन २८ तांब्यात, १० मिमी बाद आणि वरती नवीन १५, खालच्या १५ च्या फांद्या जागेवर. पहिले तांबेवाले साहेब यावर नाखूश आहेत, असोत. जुन्या फांदीला नवीन लाईन जोडताना काय सांभाळू? आणि कुणी मधे प्लेट हीट एक्स्चेंजर (पाणी न मिसळता उष्णता पलीकडे देणारा पत्र्यांचा डबा) टाकून जुनं पाणी वेगळंच ठेवा म्हणालं, ते हवंय का?

हेड_लॉस:
एक्स्चेंजर बॅरिअर नसलेलं जमिनीत गाडलेलं असतं तेव्हा. तुमचं गाडलेलं सगळं बॅरिअरवालं आहे, उगाच दुसरा पंप घाला आणि वर हीट पंपला दोन-चार अंश जास्त तापवायला लावा, नको.

जुनी फिटिंग परत वापरायची नाही, जोडापासून थोडं मागे चांगल्या, ओरखडा नसलेल्या पाईपावर सरळ काप घ्या. इन्सर्ट त्याच पाईपच्या मापाचा हवा, भिंतीची जाडी कंपनीगणिक बदलते, सैल बसला की आज नाही तर दोन वर्षांनी गळणार. तांब्याचं सोल्डरिंग प्लास्टिकपासून लांब उरकून घ्या, मग जोडा. बाकीच्या जुन्या जोडांना गरज नसताना हलवू नका.

झडप_उघडा:
आणि फ्लश आधी, हीट पंप नंतर! जुना गाळ नव्या मशीनच्या एक्स्चेंजरमधून फिरवू नका. परतीच्या पाईपवर मॅग्नेटिक फिल्टर, मग इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन), नवी व्हेसल. जमीन बंद करायच्या आधी प्रेशर टेस्ट घ्या, पण पहिल्या तासात काटा खाली आला तर घाबरू नका, प्लास्टिक जरा फुगतं, परत पंप करायचं आणि त्यानंतर उतरतंय का ते बघायचं. मग महिनाभर प्रेशर वहीत लिहा, भरायला लागलं तर इथे परत या.

धागाकर्ता:
वही आणली. आज १.४, व्हॉल्व्ह अजून जुनाच आहे त्यामुळे खाली बादली ठेवलीय.