टीडीपी म्हणजे प्रत्यक्ष वीजवापर नव्हे

टीडीपी, म्हणजे कंपनीने प्रोसेसरसाठी जाहीर केलेला उष्णतेचा वॅटमधील आकडा, पाहिला तर इंटेलचा कोअर आय9-13900के 125 वॅटचा आणि एएमडीचा रायझन 9 7950एक्स 170 वॅटचा, म्हणून पहिला कमी वीज खातो, हा निष्कर्ष मला पटत नाही. 125 वॅट ही इंटेलची मूळ मर्यादा आहे. टर्बोमध्ये, म्हणजे प्रोसेसर वेग वाढवतो तेव्हा, तीच 253 वॅटपर्यंत जाते, तर एएमडीच्या 170 वॅटमागे सॉकेटला (प्रोसेसर बसतो त्या जागेला) मिळणारी प्रत्यक्ष मर्यादा 230 वॅटची असते.

खरी तुलना एकच काम पुरे करायला किती ऊर्जा लागली याची हवी. समजा, एक रेंडर (संगणकाने दृश्याचे अंतिम चित्र तयार करण्याचे काम) 230 वॅटवर 10 मिनिटांत होते आणि 120 वॅटवर 15 मिनिटांत. पहिल्यात सुमारे 38 वॅट-तास खर्च होतात, दुसऱ्यात 30. याचे कारण असे की वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि शेवटचे काही शे मेगाहर्ट्‌झ मिळवण्यासाठी व्होल्टेज बरेच चढवावे लागते. म्हणूनच बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) इको मोड, म्हणजे कमी विजेची मर्यादा, निवडून 7950एक्स 88 वॅटवर बांधला, तरी वेगातली घट विजेच्या बचतीच्या मानाने बरीच कमी राहते, आणि पंख्याचा आवाजही उतरतो.

मात्र संगणक दिवसभर नुसताच चालू राहणार असेल, तर चिपलेट रचनेच्या (एकाऐवजी अनेक छोट्या चिप जोडून बनवलेल्या) रायझनचा निष्क्रिय अवस्थेतील वापर सहसा जास्त भरतो, हेही हिशेबात धरावे.