सल्ला हवा: लॅपटॉपमध्ये नक्की कुठली रॅम आहे हे कसं ओळखायचं?

पाऊसवेडी:
मंडळी मदत करा. माझा २०१४चा लॅपटॉप आहे, प्रोसेसर आय५-४२१०यू, रॅम ४ जीबी. भाचीला अभ्यासाला द्यायचाय पण ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की हँग होतो, म्हणून रॅम वाढवायला गेले. टास्क मॅनेजरमध्ये स्पीड १६०० दिसला, दुकानात तेवढंच सांगितलं, त्यांनी डीडीआर३ प्रकारच्या रॅमची ८ जीबीची स्टिक दिली. घरी रिकाम्या स्लॉटमध्ये बसवली तर स्क्रीन काळीच, नुसता पंखा फिरतो. ती काढली की जुन्या रॅमवर लगेच चालू. दुकानदार म्हणतो स्टिक चांगलीय, तुमचा स्लॉट गेलाय. मदरबोर्ड दुरुस्तीला टाकू का?

स्क्रूड्रायव्हर:
ताई थांबा, मदरबोर्डवर एक रुपया घालवू नका अजून. आधी लॅपटॉप बंद करून, चार्जर आणि बॅटरी काढून, जुनी स्टिक त्या दुसऱ्या स्लॉटमध्ये एकटीच लावून बघा. चालू झाला तर स्लॉट ठणठणीत आहे.

मग दोन्ही स्टिकवरची लेबलं शेजारी ठेवून वाचा. जुन्या स्टिकवर बहुतेक पीसी३एल-१२८००एस असं असेल आणि नवीनवर पीसी३-१२८००एस. मधला तो एल बघा, सगळी गोम तिथेच आहे. एल असलेली डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर चालते, बिनएलची साधी डीडीआर३ मागते १.५ व्होल्ट. तुमचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा यू सिरीजवाला, त्याला १.३५वालीच लागते. दोन्हींची खाच एकाच जागी, पिना २०४च, म्हणून चुकीची पण बरोब्बर बसते आणि माणूस फसतो. लेबलवरचे १२८०० म्हणजे तुमचा तो १६०० स्पीड गुणिले ८, आणि शेवटचा एस म्हणजे लॅपटॉपची छोटी स्टिक, डेस्कटॉपवालीवर यू असतो.

उलटं मात्र चालतं हां, एलवाली स्टिक १.५ व्होल्टच्या जुन्या मशीनवरही चालते, त्यामुळे शंका असेल तेव्हा एलच घ्यावी.

लिनक्सवाला:
+१. टास्क मॅनेजर स्पीड सांगतो, किती स्लॉट वापरात आहेत ते सांगतो, पण व्होल्टेज सांगत नाही, त्यामुळे नुसत्या १६०० वरून खरेदी करू नये. उघडायची भीती वाटत असेल तर सीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे. त्यात एसपीडी टॅबमध्ये एकेका स्लॉटचा पार्ट नंबर आणि खाली व्होल्टेज दिसतं. मेमरी टॅबमध्ये फ्रीक्वेन्सी ८००च्या आसपास दिसली तर घाबरू नका, डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट, तो आकडा दुप्पट करून वाचायचा. लिनक्सवर टर्मिनलमध्ये सुडो लावून डीएमआयडीकोड ही कमांड चालवली, पुढे हायफन टी मेमरी, की प्रत्येक स्लॉटची कुंडली समोर येते.

स्क्रूड्रायव्हर:
सीपीयू-झेड चांगलंच आहे पण स्लॉट दोन असताना मी तरी उघडून लेबल बघितल्याशिवाय ऑर्डर देत नाही. लेबलचा फोटो काढून दुकानात दाखवायचा, तोंडी सांगायचंच नाही.

मीठपाणी:
आम्ही समुद्राकाठी राहतो, इथे दमट हवेने पिना काळ्या पडतात. स्टिक काढलीच आहे तर सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबरने हलकेच पुसा, चुरा झटका, मगच लावा. आणि लावताना तिरकी सरकवून खाली दाबायची, दोन्ही बाजूच्या क्लिपा खट्‌ वाजल्या पाहिजेत. माझी एकदा अर्धवट बसली होती, मी दोन दिवस उगाच रॅमच्या प्रकारावर संशय घेत होतो.

पाऊसवेडी:
अपडेट. जुनी स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली, चालू झाला! लेबलंही वाचली, जुनीवर पीसी३एल, नवीनवर एल नाही. फोटो दाखवल्यावर दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिली, ८ जीबी एलवाली. आता १२ जीबी दिसतंय. ४ आणि ८ अशी वेगवेगळी राहू दिली तर काही बिघडेल का? आणि सुरू व्हायला अजून तीन मिनिटं लागतात.

स्क्रूड्रायव्हर:
बिघडत नाही, राहू द्या. हा प्रोसेसर १६ जीबीपर्यंत घेतो, पुढे कधी ८ची जोडी केलीत तर चांगलंच. तीन मिनिटांचं कारण रॅम नाही, आत अजून फिरणारी हार्ड डिस्क असणार. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क घ्या, २४० जीबीची भाचीला पुरेल, रॅमपेक्षा जास्त फरक एसएसडीने पडेल.